एका तुकड्याचे तीन भाव

"बाई, चामडीचा तुकडा एकच. मंग भाव तीन काऊन?"

अंजनाबाईनं माझ्या टेबलावर तीन चिठ्ठ्या एकाखाली एक मांडल्या आणि हात पदराखाली घेऊन उभी राहिली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण कुठली चिठ्ठी कुणाची, हे तिला पाठ होतं. पहिली गोंदियातल्या एका खाजगी डॉक्टरची, पंचेचाळीस रुपयांची. दुसरी नागपूरच्या एका लॅबची, तीस रुपयांची. तिसरी नागपूरच्याच दुसऱ्या लॅबची, बारा रुपयांची. आठवड्यापूर्वी मीच तिला म्हटलं होतं की तुमच्या गालावरच्या डागाची बायोप्सी करावी लागेल. बायोप्सी म्हणजे चामडीचा लहानसा तुकडा कापून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. त्यावर तिनं नुसती मान हलवली होती. मला वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती. भाव काढायला गेली होती.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.

"तुमाले नाही ठाव, तं मले कोन सांगन जी?"

ही गोष्ट पंचावन्न-छप्पन्नच्या सुमाराची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी नागपूरहून डॉक्टरी शिकून आले होते आणि गावातल्या एका लहान दवाखान्यात बायकांचा विभाग सांभाळत होते. नोकरीचं दुसरं वर्ष. बाळंतपणं, हगवण, हिवताप यांत माझा हात बसला होता. चामडीचे रोग म्हटले की मात्र मी पुस्तक उघडून बसायची.

अंजनाबाईचं घर मुर्री गावाच्या पुढं एका टोलीवर होतं. टोली म्हणजे पाच-पंचवीस घरांची वस्ती. नवरा सुखदेव, थोडी स्वतःची धानाची जमीन, थोडी ठेक्याची. पण घराला खरी बरकत होती ती अंजनाबाईच्या भट्टीमुळे. ती मुरमुरे आणि लाह्या भाजायची. गरम रेतीत तांदूळ टाकून दोन हातांनी कढई अशी हलवायची की एक दाणा करपत नसे. मी स्वतः पाहिलं आहे. गोंदियाच्या बाजारात तिचे मुरमुरे आधी संपायचे, मग बाकीच्यांचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गालावर जबड्याजवळ मसुरीएवढा तांबूस डाग उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. वाढत वाढत तो रुपयाएवढा झाला. कडेला खडबडीत, मधे सुरकुतल्यासारखा. कुणीतरी बाजारात म्हणालं, हा महारोग. एवढं पुरलं. लोक मुरमुरे हातात घेऊन परत टाकू लागले. मग हातात घेणंही बंद झालं. टोलीच्या पंचांनी सुखदेवला बोलावून सांगितलं की मोठ्या डॉक्टरचा कागद आणा, तोवर बायकोनं खाण्याची वस्तू बाजारात नेऊ नये. सासूनं तिची ताट-वाटी वेगळी केली, झोपायला ओसरी दिली. त्या रात्रीपासून सुखदेवही आपलं अंथरूण ओसरीवर टाकू लागला. हे मला अंजनाबाईनं नाही, तिच्या शेजारणीनं सांगितलं.

पोळा नुकताच झाला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा म्हणा. त्या एका महिन्यात ती वर्षभराची अर्धी विक्री करायची. तोपर्यंत कागद हवा होता.

मी माझ्या परीनं तपासलं होतं. महारोगात डागाची जाणीव जाते, म्हणून गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या डागाला लावून पाहिल्या. ती बरोबर सांगायची. पण चेहऱ्यावर ही परीक्षा फसवी असते. चेहऱ्याला नसा इतक्या असतात की रोग असूनही जाणीव शिल्लक राहते. कानाच्या पाळीतून आणि डागातून रस घेऊन काचेवर तपासला. जंतू दिसले नाहीत. त्यानंही काही सिद्ध होत नव्हतं, कारण महारोगाच्या एका प्रकारात जंतू सापडतच नाहीत. शेवटी डागावर काचपट्टी दाबून धरली. रक्त बाजूला सरलं आणि खाली पिवळट ठिपके दिसल्यासारखे वाटले. पुस्तकात असे ठिपके त्वचेच्या क्षयात दिसतात असं लिहिलं होतं. पण सावळ्या कातडीवर ते मला दिसले, की मी वाचलं होतं म्हणून दिसले, याची मला खात्री नव्हती.

महारोग की क्षय? दोन्हीला तेव्हा औषध निघालेलं होतं. पण औषध वेगळं. आणि टोलीच्या हिशेबानं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर.

"सरकारी कॉलेजात पाठवते," मी तिला म्हटलं. "तिथं पैसे लागणार नाहीत."

"कागद कवा मिळन?"

"दोन महिने. जास्तही लागतील. तिथं सगळ्या जिल्ह्यांतून तुकडे येतात."

तिनं बोटं मोजली. "तवापर्यंत मंडई होऊन जाईन. नाही जी."

पंचेचाळीसची चिठ्ठी तिनं उचलून बाजूला ठेवली. "हा डाक्टर लुटते." मग बाराची आणि तीसची अशा दोन चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. बाजारात माल विकणारी बाई. स्वस्त वस्तूत काहीतरी कमी असतं हे तिला कळत होतं. पण काय कमी आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी, आणि ते मलाही माहीत नव्हतं.

"बारावालाच पाहू," ती म्हणाली.

तुकडा मी काढला. आजही लिहिताना मान खाली जाते. बाईचा चेहरा, त्यातून बाजारात बसणारी बाई. मला व्रणाची भीती वाटली. सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, बारीक सुरी घेतली आणि गालावरचा एक पातळ पापुद्रा अलगद उचलला. रक्त जेमतेम आलं. टाकाही लागला नाही. मी स्वतःवर खूश झाले. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. फॉर्मॅलिन म्हणजे तुकडा सडू नये म्हणून वापरायचं उग्र वासाचं पाणी. सुखदेव ती बाटली धोतराच्या सोग्यात बांधून पॅसेंजरनं नागपूरला देऊन आला.

बारा दिवसांनी रिपोर्ट आला. इंग्रजीत दोन ओळी. जुनाट सूज. महारोग नाकारता येत नाही.

मी तो मराठीत वाचून दाखवला. पहिली ओळ ऐकून तिचा चेहरा उजळला, दुसरी ऐकून विझला. मी घाईघाईनं सांगू लागले की याचा अर्थ महारोग आहे असा होत नाही, पण तोवर ती कागदाची घडी घालत होती.

चार दिवसांनी परत आली. कागद पंचांसमोर शाळामास्तरांनी वाचला होता. पंचांनी एवढंच ऐकलं की कागदात महारोग हा शब्द आहे. आता ओसरीही नाही. तिला मळ्यातल्या खोपटात राहायला सांगितलं होतं. सुखदेवही तिथं गेला होता.

ती रडेल असं मला वाटलं. मी पाण्याचा पेला भरून ठेवला होता.

"हा कागद माह्या कामाचा नाही," तिनं तो टेबलावर ठेवला. "यात होये बी नाही आन् नाही बी नाही. बारा रुपये देऊन मी जिथं होती तिथंच हावो. बाई, तुमी माह्यासंगं नागपूरले चाला. मले पाहाचं हाये, तीस रुपयांत हे लोक काय करतेत."

माझ्या दोन वर्षांच्या नोकरीत कुठल्याही रोग्यानं मला असं काही सांगितलं नव्हतं. मी एका दिवसाची रजा टाकली.

सकाळच्या गाडीनं निघालो. ती, मी आणि सुखदेव. थर्ड क्लासच्या डब्यात तिनं डावा गाल पदरानं झाकून घेतला आणि खिडकीशी बसली. नागपूरला आधी आम्ही बारा रुपयेवाल्या लॅबमध्ये गेलो. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. तिथला माणूस सभ्य निघाला. "आम्हाला जेवढं दिसलं तेवढं लिहिलं, बाई," असं म्हणून त्यानं तुकड्याचा काप चढवलेली काच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "हवं तर दुसऱ्याला दाखवा."

तीस रुपयेवाली लॅब एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. दोन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर पिंपळखुटे, मागच्या खोलीत त्यांचे टेक्निशियन नारायणराव. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रोग्याला न बघता त्याच्या तुकड्याला बघणारा डॉक्टर. पिंपळखुटे त्यातले जाणते मानले जात. मी बिचकत बिचकत डागाची हकिकत सांगितली आणि म्हटलं की या बाईंना तीस रुपयांत काय मिळतं ते बघायचं आहे. मला वाटलं, हाकलून देतील.

ते अंजनाबाईकडे बघून म्हणाले, "वीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. या, बसा. नारायणराव, यांना दाखवा सगळं."

नारायणराव बोलायला सुरुवात करून थांबले. बहुधा त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी एक काचेची बरणी उचलली.

"हा कुणाचा तरी तुकडा. ओला आहे. ओली वस्तू बारीक कापता येत नाही. म्हणून आधी स्पिरिटमधून काढून त्याचं पाणी घालवायचं. मग दुसऱ्या औषधातून स्पिरिट घालवायचं. मग गरम मेणात मुरवायचा. दोन दिवस जातात. ही बघा." त्यांनी तिच्या तळहातावर मेणाची एक वडी ठेवली. मधोमध करड्या रंगाचा ठिपका. "तुकडा आत आहे."

"आन् मंग?"

"मग कापायचा."

कापायचं यंत्र टेबलावर घट्ट बसवलेलं होतं. त्यांनी चाक फिरवलं. वडी वर-खाली होऊ लागली आणि प्रत्येक फेरीला सुरीवरून मेणाचा एक पापुद्रा सुटून पुढच्याला चिकटत गेला. फीत तयार झाली. इतकी पातळ की नारायणरावांनी श्वास रोखून धरला होता. अंजनाबाईनंही धरला. ती फीत त्यांनी कोमट पाण्यावर सोडली, तशी ती पसरून सपाट झाली.

"ही सुरी विलायतेची. तिला रोज दगडावर आणि पट्ट्यावर धार लावतो. दीड तास. धारेला एक जरी खाच पडली, तर सगळे काप फाटतात. रंगही बाहेरूनच येतात. कधी मिळतात, कधी नाही."

अंजनाबाई वाकून पाण्यातली फीत पाहत होती. हात पुढं केला नाही. "हात लय हलका हाये तुमचा," ती म्हणाली. स्वतः हातावर जगणाऱ्या बाईची ती दाद होती. नारायणराव लाजले.

"म्हंजे बारावाला हे नाही करत?" तिनं विचारलं.

उत्तर पिंपळखुट्यांनी दिलं. "करतो. सगळं करतो. फक्त एक काप घेतो, एका रंगात रंगवतो आणि बघतो. बहुतेक गाठींना, जखमांना तेवढं पुरतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तुमचं प्रकरण निराळं आहे. तुमच्या डॉक्टरबाईंना शंका आहे की हा महारोग आहे की क्षय. दोन्ही रोगांत चामडीत सारख्याच दिसणाऱ्या गाठी होतात. फरक कुठं? महारोग नसेला खातो. क्षय नसेला हात लावत नाही. तेव्हा नस शोधावी लागते. ती असते केसासारखी, आणि या वडीत कुठं आहे ते वरून दिसत नाही. म्हणून आम्ही वडी संपेपर्यंत कापत जातो. तीस काप, चाळीस काप. त्यातले काही साध्या रंगात, काही जंतूंच्या रंगात. मी एकदा बघतो, दुसऱ्या दिवशी परत एकदा बघतो. या सगळ्याचे तीस."

"आन् गोंदियाचा डाक्टर पंचेचाळीस काऊन मांगते?"

"तो तुकडा स्वतः काढणार. सुन्न करायचं औषध त्याचं, बाटली त्याची, इथवर आणणारा माणूस त्याचा, गाडीचं तिकीट त्याचं. आणि पाठवतो माझ्याकडेच. मला तीस दिल्यावर त्याच्याकडे पंधरा उरतात."

अंजनाबाईनं सुखदेवकडे पाहिलं. सुखदेवचा आधीचा नागपूरचा फेरा, आताची तीन तिकिटं, बुडालेले दिवस. तिला बोटं मोजावी लागली नाहीत.

"म्हंजे तो लुटत नोहोता," ती म्हणाली. "आमीच नाही इचारलं त्याले."

मी गुंडाळून आणलेली काच पुढं केली. पिंपळखुट्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काच इकडंतिकडं सरकवत ते बराच वेळ बघत राहिले. मग डोळा न उचलता विचारलं, "तुकडा कुणी काढला?"

"मी."

"बाई, तुम्ही साल काढलीत. चामडी आहेच कुठं यात? वरचा थर आहे, त्याच्याखाली थोडंसं. गाठी असतात खाली, नसा त्याच्याही खाली. हा तुकडा मी शंभर वेळा कापला असता तरी मला 'नाकारता येत नाही' असंच लिहावं लागलं असतं. बारा घ्या नाहीतर बाराशे."

खोलीत सगळे होते. नारायणराव मागच्या दारात उभे होते. सुखदेव भिंतीशी.

अंजनाबाईनं माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "म्हंजे चूक तुमची?"

उत्तर फिरवता आलं असतं. चेहऱ्याला व्रण नको म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

"माझी," मी म्हटलं. "मी घाबरून वरवर कापलं. त्या चुकीपायी तुम्ही मळ्यात गेलात."

पिंपळखुटे उठले. "काही हरकत नाही. मी काढतो तुकडा. इथंच काढू. बाहेरच्या टेबलावर झोपा, बाई."

"नाही जी," अंजनाबाई म्हणाली. "हेच बाई काढन. याईनं एकदा चुकवलं. आता याईले ठाव हाये का कुठं चुकलं ते. आन् टोलीतल्या दुसऱ्या कोनाले झालं, तं ते थोडीच नागपूरले येते? याईच्याकडंच जाईन."

पिंपळखुटे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवला आणि सुरी उकळायला टाकली.

तो तुकडा मी आयुष्यभर विसरणार नाही. डागाची कड आणि शेजारची चांगली चामडी, दोन्ही यायला हव्यात, असं पिंपळखुट्यांनी आधी बोटानं दाखवलं. मग ते मागं सरले. मी होडीच्या आकाराचा छेद घेतला. या वेळी रक्त चांगलं आलं. हात थांबू पाहत होता. "अजून," एवढंच मागून ऐकू आलं. खाली चरबीचे पिवळे दाणे दिसले तेव्हा मी तुकडा उचलला. दोन टाके घातले. अंजनाबाईची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेली होती, पण मान तसूभर हलली नव्हती.

पैसे देताना तिनं घासाघीस केली नाही. बाजारात एका आण्यासाठी वाद घालणारी बाई ती. तीस रुपये ठेवले आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, एक सांगतो. यावेळी 'नाकारता येत नाही' असं नोका लिहू. होये तं होये लिहा. नाही तं नाही लिहा."

"जे दिसेल ते लिहीन," पिंपळखुटे म्हणाले. "नाही दिसलं, तर दिसलं नाही असंच लिहीन. तीस रुपये घेऊनही. हे आत्ताच सांगून ठेवतो."

तिनं विचार केला. "म्हंजे पैसे पाहन्याचे हायेत. उत्तराचे नाही."

"अगदी बरोबर."

"मंग नीट पाहा," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

मी गोंदियाला परतले. आठ दिवस मन कशात लागत नव्हतं. टाके काढायला ती आली तेव्हा जखम स्वच्छ भरत होती. रिपोर्ट अजून आलेला नव्हता. नवव्या दिवशी लिफाफा आला. बरोबर एक काच आणि पिंपळखुट्यांच्या हातची चिठ्ठी.

रिपोर्ट पानभर होता. चामडीच्या खालच्या थरात क्षयात होतात तशा गाठी. सत्तावीस कापांत नस दिसली नाही. अठ्ठाविसाव्यात दिसली. गाठीला अगदी खेटून जाणारी, आणि पूर्ण शाबूत. जंतू सापडले नाहीत, अशा रोगात ते क्वचितच सापडतात. निष्कर्ष: त्वचेचा क्षय. महारोगाचं कोणतंही लक्षण नाही. चिठ्ठीत एवढंच होतं की तुकडा चांगला होता.

मी ती अठ्ठाविसावी काच दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली. गुलाबी पसाऱ्यात एक फिकट नागमोडी रेघ. सुखरूप. कुणीतरी दोन दिवस मान वाकवून सत्तावीस काचांवर काहीच न सापडता अठ्ठाविसावी उचलली होती. मला एकदम त्या दोन म्हाताऱ्यांचा आणि या बाईचा फार आदर वाटला. मी शिपायाला टोलीवर पाठवलं.

ती आली, सुखदेव मागं. मी वाचून दाखवलं. या वेळी तिनं शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली.

आता खरी अडचण पुढं होती. क्षय हा शब्दही लोकांना कमी भिववणारा नव्हता. मी तिला म्हटलं, "पंचांना आपण नुसतं सांगू, चामडीचा रोग आहे, महारोग नाही. क्षयाचं नाव कशाला काढायचं?"

"कायले लपवाचं?" ती म्हणाली. "मंग उद्या कोनी दुसरा कागद वाचला, तं म्हनन का अंजना खोटी हाये. जे हाये ते सांगा. तुमी या आन् तुमीच सांगा."

तिच्या छातीचा फोटो काढून घेतला. तो स्वच्छ निघाला. थुंकी तपासली, तीही स्वच्छ. मग एका रविवारी सकाळी मी टोलीवर गेले. शाळेसमोरच्या झाडाखाली पंच बसले होते. मी कागद वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला.

एका पंचानं विचारलं, "क्षय तं खोकल्यानं पसरते ना?"

"फुप्फुसाचा पसरतो. यांची फुप्फुसं साफ आहेत. हा गालाच्या कातडीत आहे. यांच्या हातच्या मुरमुऱ्यांनी कुणाला काही होणार नाही."

"तुमी खासान?"

सुखदेव पुढं झाला आणि त्यानं डबा उघडला. सकाळीच भाजलेले मुरमुरे होते. मी मूठभर घेतले आणि खाल्ले. सगळे बघत होते. त्यांतला सर्वांत वयस्कर माणूस शेवटी म्हणाला, "आधीचा बी कागद डाक्टरचाच होता. तो चुकला आन् हा बरोबर, हे आमी कसं मानाचं?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, "आधीच्या वेळी तुकडा मी नीट काढला नव्हता. चूक माझी होती."

डॉक्टर बाई चारचौघांत चूक कबूल करते, हे त्यांना बहुधा नवं होतं. म्हातारा म्हणाला, "जा बाई, आपल्या घरी राहा. बाजाराचं मंग पाहू. औसध चालू झाल्यावर."

म्हणजे अर्धा निकाल. त्याच दिवशी ती मळ्यातून घरी आली. सासूनं ताट-वाटी वेगळी ठेवली ती मात्र आणखी काही महिने.

इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू केल्या. रोज मुर्रीच्या पुढून चालत दवाखान्यात यायची. एक दिवस चुकवला नाही. दिवाळीपर्यंत डागाची कड बसू लागली. मंडईला पंचांनी परवानगी दिली. पण परवानगी मिळणं आणि गिऱ्हाईक मिळणं यात फरक असतो. पहिल्या दोन मंडयांत तिच्या टोपलीपुढं कुणी थांबलं नाही. ती गाल न झाकता बसून राहिली. कुणी गालाकडे पाहिलं, तर स्वतःच सांगायची, "क्षय हाये चमडीचा, महारोग नोहोय, औसध चालू हाये." तिसऱ्या मंडईत थोडा माल गेला. त्या वर्षी तिची विक्री निम्मीही झाली नाही. पुढच्या वर्षी पहिल्यासारखी झाली. डागाच्या जागी पांढुरकी सपाट खूण राहिली आणि तिच्या कडेला माझ्या दोन टाक्यांची रेघ.

माझ्या कामात एवढाच फरक पडला की बायोप्सी सांगताना मी रोग्याला तिचा खर्च तुकड्या-तुकड्यानं सांगू लागले. कापण्याचे किती, नेण्याचे किती, किती काप घेणार, कोण बघणार. आणि एवढं करूनही उत्तर 'माहीत नाही' असं येऊ शकतं, हेही. बरेच लोक कंटाळायचे. काही जण दुसरीकडे जायचे, जिथं डॉक्टर एकच आकडा सांगून मोकळा होत असे. मी त्यांना अडवलं नाही.

निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी एक सांगत आले. लॅबचा भाव बारा असो की तीस, तो तुम्ही तुकडा बाटलीत टाकल्यावर सुरू होतो. त्याच्या आधी सुरी तुमच्या हातात असते, आणि व्रणाला भिऊन तिथं वाचवलेली सुरीची एक रेघ रोग्याला सगळ्यांत महाग पडते.